‘इतर’मध्ये कोण कोण बसलंय

व्यवसायांची नवी राष्ट्रीय यादी, म्हणजे सर्वेक्षणांत लोकांची कामं मोजायला वापरतात ती, कुठल्याही देशात निघाली की बातमी ठरलेली असते, इतके नवे व्यवसाय आले आणि त्यातली दोन-तीन चमकदार नावं अमुक-तमुक. अमेरिकेने २०१० मध्ये आपली यादी सुधारली तेव्हा सोलर पॅनल बसवणाऱ्यांना आणि पवनचक्कीच्या टेक्निशियन लोकांना स्वतंत्र कोड मिळाला, २०१८ मध्ये डेटा सायंटिस्टला मिळाला, आणि दोन्ही वेळा लोकांनी वाचलं ते एवढंच. मला मात्र ती नवी नावं सगळ्यात कमी इंटरेस्टिंग वाटतात. नव्या कामाला यादीत जागा मिळणं त्यामानाने सोपं असतं, त्याच्यामागे पैसा असतो, कोर्सेस असतात, नोकरीच्या जाहिराती असतात, आणि मुख्य म्हणजे त्याच्याबद्दल आधीपासून कुणाचं काही मत बनलेलं नसतं. खरी मारामारी असते ती जुन्या कामांवर. एखादं काम पिढ्यानपिढ्या चालू आहे आणि पिढ्यानपिढ्या भलत्याच रकान्यात बसवलेलं आहे, त्याला तिथून उठवून दुसरीकडे बसवायचं म्हटलं की मग कळतं ही यादी म्हणजे काय प्रकार आहे.

मला ह्यात रस कुठून आला तर मी काही काळ एका सर्वेक्षणाच्या डेटावर कोडिंग केलंय. कोडिंग म्हणजे प्रोग्रॅमिंग नव्हे, ते जुनं बिनपगारवाढीचं कोडिंग, म्हणजे माणसाने स्वतःचं काम ज्या शब्दांत सांगितलंय ते वाचायचं आणि त्याच्यापुढे यादीतला आकडा टाकायचा. ऐकायला सोपं वाटतं ना. पण लोक काम सांगताना कामच सांगत नाहीत हो. ‘कंपनीत आहे’ सांगतात, ‘सर्व्हिस’ सांगतात, ‘ऑफिसमध्ये’ सांगतात, ‘स्वतःचा बिझनेस’ सांगतात आणि पुढे गप्प. ‘सुपरवायझर’ तर इतक्या वेळा येतो की वाटावं सगळी दुनिया एकमेकांवर देखरेख करत बसलीय आणि ज्यांच्यावर देखरेख चाललीय ते सर्वेक्षणवाल्यांना सापडतच नाहीत. ‘ऑपरेटर’ म्हणजे लेथ चालवणारा, क्रेन चालवणारा, कॉम्प्युटरवर एन्ट्र्या मारणारा की फोन जोडून देणारा? चारही वेगळ्या गटांत जातात. म्हणून नीट विचार करून बनवलेल्या प्रश्नावलीत दोन प्रश्न असतात, एक पदाचं नाव विचारणारा आणि दुसरा, त्या कामात तुम्ही मुख्यतः काय करता असं विचारणारा, आणि कोडिंग करणाऱ्याचा सगळा जीव त्या दुसऱ्या उत्तरात अडकलेला असतो. ते कोरं आलं की झालं, मग अंदाजपंचे.

आणि ह्या कामालाही कोड आहे बरं का. आंतरराष्ट्रीय यादीत ४४१३, कोडिंग, प्रूफरीडिंग आणि तत्सम काम करणारे कारकून. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांना आकडे वाटणारा माणूस स्वतःही त्यातून सुटत नाही, तो चौथ्या मोठ्या गटात, कारकुनांत. त्याने दिलेले आकडे घेऊन तक्ते करणारा स्टॅटिस्टिशियन मात्र २१२०, दुसऱ्या मोठ्या गटात, प्रोफेशनल लोकांमध्ये. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला जरा लागलं, खोटं कशाला बोला. मग वाटलं की ज्या कुणाला ह्या यादीत आपला आकडा सापडतो त्या प्रत्येकाला थोडंफार हेच होत असणार.

थोडी रचना सांगतो म्हणजे पुढचं समजेल. जगातल्या बऱ्याच देशांच्या याद्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या म्हणजे आयएलओच्या यादीला धरून असतात, तिला इस्को म्हणतात, तिच्या आवृत्त्या १९५८, १९६८, १९८८ आणि २००८ च्या. मॅनेजर, प्रोफेशनल, टेक्निशियन, कारकून, सेवा आणि विक्रीवाले, शेतीवाले, कारागीर, मशीन आणि वाहनं चालवणारे, नवव्या गटात ज्यांना ‘प्राथमिक’ कामं म्हणतात ती, आणि शून्य नंबरला सैन्यदलं, असे दहा मोठे गट. सगळ्यात खालच्या पातळीला १९८८ मध्ये ३९० छोटे गट होते, २००८ मध्ये ४३६ झाले. भारताची २०१५ ची यादी, एनसीओ म्हणतात ती, पहिले चार आकडे इस्कोचेच घेते आणि पुढे स्वतःचे चार जोडते, आठ आकडी कोड, साधारण ३,६०० व्यवसाय. ब्रिटनच्या २०२० च्या यादीत ४१२ छोटे गट आहेत, आधीच्या २०१० च्या यादीत ३६९ होते. अमेरिकेच्या २०१८ च्या यादीत ८६७. माणसं कामं तर साधारण सारखीच करतात, पण रेघा कुठे मारायच्या हे प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं आहे.

नियम कागदावर अगदी साधा आहे. ज्या नोकऱ्यांमधली मुख्य कामं एकमेकांसारखी आहेत त्या सगळ्या मिळून एक व्यवसाय. मालक कोण, पगार किती, कायम की कंत्राटी, ह्याच्याशी यादीला काही देणंघेणं नाही. त्यामुळे अ‍ॅपवरून येणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला ‘नवा व्यवसाय’ म्हणून कोड द्या अशी मागणी झाली की यादी सांभाळणारे लोक मान हलवतात, त्यांच्या दृष्टीने तो मोटरसायकलवर माल पोचवतो, इस्कोमध्ये ८३२१ आहे, मोटरसायकल चालक, विषय संपला. अ‍ॅपच्या तालावर नाचणं, भाव स्वतः ठरवता न येणं, हे त्याच्या कामाचं वर्णन नाही, त्याच्या नोकरीच्या नात्याचं वर्णन आहे, आणि त्यासाठी वेगळं वर्गीकरण असतं. ते २०१८ मध्ये सुधारलं तेव्हा त्यात ‘अवलंबून असलेले कंत्राटदार’ असा एक नवा प्रकार घातला गेला, कागदोपत्री स्वतंत्र पण प्रत्यक्षात दुसऱ्याच्या मुठीत असलेल्या लोकांसाठी. मला हा तोडगा पटतो. नाहीतर उद्या अ‍ॅपवाला प्लंबर, अ‍ॅपवाला शिक्षक, अ‍ॅपवाली ब्युटिशियन असे प्रत्येक जुन्या कामाचे दोन-दोन कोड होतील आणि दहा वर्षांनी सगळेच अ‍ॅपवाले झाले की पुन्हा सगळे एक करत बसा. पण हेही खरं की त्या पोराला आकडेवारीतला हा सूक्ष्म फरक समजावून सांगायला कुणी जात नाही, त्याला एवढंच दिसतं की सरकारच्या यादीत माझ्या कामाचं नाव नाही.

नाव येण्याचे तसे दोन रस्ते असतात, आणि बाहेरच्या लोकांना त्यातला एकच दिसतो. प्रत्येक यादीच्या मागे एक भलीमोठी अनुक्रमणिका असते, लोक आपल्या कामाला जी जी नावं देतात ती सगळी तिच्यात आणि प्रत्येक नावापुढे कोड. ब्रिटनच्या अनुक्रमणिकेत सुमारे ३०,००० नावं आहेत. तिच्यात नवं नाव टाकणं स्वस्तातलं काम, कुणाची परवानगी नको, कुठला तक्ता बिघडत नाही. नवा कोड काढणं मात्र महाग. त्यासाठी दाखवावं लागतं की हे काम खरंच वेगळं आहे, ते करणारी पुरेशी माणसं आहेत, आणि सगळ्यात अवघड अट म्हणजे सर्वेक्षणात विचारलं तर लोक असं उत्तर देतील की ज्यावरून हे काम वेगळं ओळखता येईल. ह्या शेवटच्या अटीवर भल्याभल्या मागण्या आपटतात. एखाद्या क्षेत्रातल्या लोकांनी आपल्यातले बारा सूक्ष्म भेद कितीही तळमळीने मांडले तरी उत्तरात सगळेच ‘इंजिनियर’ एवढं एकच सांगणार असतील तर बारा कोड घेऊन करायचं काय?

मग जे कुठेच बसत नाहीत ते जातात ‘इतर’मध्ये. अधिकृत भाषेत ‘अन्यत्र वर्गीकरण न झालेले’. इस्कोमध्ये असे कोड बहुतेक ९ वर संपतात. ५४१९ मध्ये समुद्रावरचे जीवरक्षक बसलेत आणि शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारेही, दोघांत साम्य एवढंच की दोघं कुणाला तरी वाचवतात पण पोलीस नाहीत, फायर ब्रिगेड नाहीत, वॉचमन नाहीत. ९६२९ मध्ये तिकिटं गोळा करणारे आणि क्लोकरूम सांभाळणारे. मला विचाराल तर यादी अपडेट करायला बसलेल्या कमिटीने पहिले सहा महिने फक्त हा गठ्ठा वाचावा. तिथे तीन प्रकारची माणसं असतात. एक, खरोखर दुर्मीळ काम करणारी, त्यांना तिथेच राहू द्या. दुसरी, ज्यांचं काम नवीन आहे आणि वाढतंय. तिसरी मात्र अशी की ज्यांचं काम पुरातन आहे, करणारे भरपूर आहेत, पण ज्यांच्या वतीने बोलायला कधी कुठली असोसिएशन आली नाही. दुसऱ्या प्रकारातली लवकर बाहेर पडतात, कारण त्यांच्या इंडस्ट्रीचे लोक पत्रं लिहितात, प्रेझेंटेशन देतात. तिसऱ्या प्रकारातली तिथेच मुरत राहतात. यादी बारीक कुठे होते आणि जाड कुठे राहते हे बरंचसं ह्यावर ठरतं की सूचना मागवल्यावर उत्तर द्यायला कोण आलं. हे कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं तसंच.

अपडेट केलीच नाही तर काय होतं ह्याचं जगातलं सगळ्यात भारी उदाहरण अमेरिकेचंच आहे. १९३९ मध्ये त्यांनी व्यवसायांचा एक कोश काढला, पहिल्या आवृत्तीत साडेसतरा हजारांच्या आसपास व्याख्या, मंदीच्या काळात रोजगार कार्यालयांना माणूस आणि नोकरी जुळवायला उपयोगी पडावा म्हणून. डीओटी त्याचं नाव. १९७७ मध्ये चौथी आवृत्ती आली, १९९१ मध्ये तिची डागडुजी झाली, आणि मग तो थांबला, त्याची जागा नव्या ऑनलाइन सिस्टीमने घेतली. पण अपंगत्वाचा भत्ता देणाऱ्या खात्याने तो सोडलाच नाही. तिथला नियम असा की तुम्ही तुमचं आधीचं काम करू शकत नसलात तरी देशात पुरेशा संख्येने असलेलं दुसरं कुठलंही काम करू शकत असलात तर भत्ता नाही. मग सुनावणीत तज्ज्ञ त्या कोशातलं काम काढून दाखवायचे. बसून अक्रोड-बदाम निवडणं. लाकडी खुंट्या तपासणं. हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळ्यांतून कागद पाठवणं. म्हणजे माणूस खराच आजारी, समोरचं काम मात्र जगातून जवळजवळ नाहीसं झालेलं, आणि तरी उत्तर हे की तुम्ही ते करू शकता. शेवटी २०२४ मध्ये त्या खात्याने जवळजवळ नाहीशा झालेल्या ११४ कामांची यादी काढली आणि सांगितलं की भत्ता नाकारताना ही यापुढे दाखवायची नाहीत. १९९१ नंतर २०२४. ह्या मधल्या काळात किती जणांना अक्रोड निवडा म्हणून परत पाठवलं असेल ह्याचा विचार करवत नाही. यादी म्हणजे नुसता आरसा असतो, तिने काय बिघडतं असं कुणी म्हणालं की मी हेच सांगतो.

आपल्याकडेही एक लांब झोप झालीय. भारताची यादी १९५८ ला आली, १९६८ ला सुधारली आणि त्यानंतर थेट २००४. छत्तीस वर्षं. ह्या छत्तीस वर्षांत कॉम्प्युटर आला, टायपिस्टची खुर्ची गेली, मोबाइल आला, कॉल सेंटरं उभी राहिली, आणि यादी १९६८ च्याच कपड्यात. नंतर मात्र अकरा वर्षांतच २०१५ ची आली, २००४ मधले २,९४५ व्यवसाय वाढून ३,६०० च्या घरात गेले, आणि कौशल्य प्रशिक्षणाच्या पातळ्यांशी त्यांचा सांधा जोडला गेला. उशिरा का होईना.

मग दरवर्षीच करा ना अपडेट, असं कुणी म्हणेल. ते पण नको. यादी बदलली की जुने आणि नवे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. समजा एका कोडमधली तीन प्रकारची माणसं नव्या यादीत तीन ठिकाणी गेली, तर त्या व्यवसायात दहा वर्षांत माणसं वाढली की घटली हे सांगणार कसं? त्यासाठी मग त्याच प्रश्नावल्या जुन्या आणि नव्या दोन्ही यादीने कोड करतात, म्हणजे दुप्पट काम, आणि त्यावरून जोडतक्ता बनवतात की जुन्या अमुक कोडमधले इतके टक्के नव्या तमुकमध्ये गेले. हे काम इतकं कंटाळवाणं असतं की त्याबद्दल कुणी कधी बातमी देत नाही, पण ते नीट झालं नसेल तर पुढची पाच वर्षं कुणीतरी ‘अमुक क्षेत्रात रोजगार कोसळला’ म्हणून लेख लिहिणार आणि कोसळलेलं असतं फक्त वर्गीकरण. म्हणून साधारण दहा वर्षांची पाळी मला ठीक वाटते, आणि अनुक्रमणिका मात्र सतत चालू ठेवावी.

आता येतो ज्यावर मला खरं बोलायचंय त्यावर, ते म्हणजे पातळी. इस्कोमध्ये कामाच्या कौशल्याच्या चार पातळ्या धरल्यात. नववा मोठा गट पहिल्या पातळीवर, चार ते आठ दुसऱ्या, टेक्निशियन तिसऱ्या, प्रोफेशनल चौथ्या. एखादं काम दोन नंबरच्या गटात की पाच नंबरच्या, हे ठरवताना बाकी सगळी तटस्थता गळून पडते. त्या अमेरिकन कोशाचीच गोष्ट घ्या. त्यात प्रत्येक कामाला तीन आकडे असायचे, माहितीशी किती संबंध, माणसांशी किती, वस्तूंशी किती, आणि आकडा जितका मोठा तितकं काम सोपं. १९६५ च्या आवृत्तीत बालवाडीच्या शिक्षिकेला ८७८ दिलं होतं. पार्किंगच्या जागी गाड्या लावणाऱ्यालाही ८७८. कुत्र्यांना शिकवणाऱ्याचं काम मात्र तिच्यापेक्षा कितीतरी जास्त गुंतागुंतीचं मानलं होतं. म्हणजे कुत्र्याला बस म्हणायला कौशल्य लागतं आणि तीन वर्षांच्या वीस पोरांना बसवायला लागत नाही! (ज्याने कुणी हे ठरवलं तो एक सकाळसुद्धा बालवाडीत थांबलेला नसणार.) सत्तरच्या दशकात ह्यावर बायकांनी रीतसर अभ्यास करून आरडाओरड केली. आकडे देणाऱ्यांची वाईट इच्छा नव्हती असंच मी धरतो, त्यांना ते काम दिसलंच नाही, कारण घरात आई जे करते तेच ही करतेय, आणि आई जे करते त्याला कौशल्य म्हणायची सवय नव्हती.

दुसरं उदाहरण अजून चालू आहे. अमेरिकेत ९११ वर इमर्जन्सीचा फोन उचलणारे लोक यादीत कारकुनी गटात आहेत, ऑफिस आणि प्रशासकीय सहाय्य. पोलीस, फायरमन, आणि गंमत म्हणजे पार्किंगचा दंड करणारे आणि जीवरक्षकसुद्धा, सुरक्षा सेवांच्या गटात. फोनवरून श्वास थांबलेल्या माणसाच्या बायकोला छाती कशी दाबायची हे सांगणारी बाई मात्र कारकून. त्यांनी जोरदार मागणी केली, २०१८ च्या आवृत्तीत त्यांना नवं भारदस्त नाव मिळालं, सार्वजनिक सुरक्षा टेलिकम्युनिकेटर, पण गट तोच राहिला. कमिटीचं म्हणणं, मुख्य काम कॉल घेणं आणि गाड्या पाठवणं हेच आहे. मग त्यांनी संसदेत विधेयक आणलं. एका तक्त्यातली एक ओळ हलवायला संसदेत विधेयक! वरवर बघता हे हास्यास्पद आहे आणि मला तरीही त्यांचंच म्हणणं बरोबर वाटतं. मुख्य काम काय हे ठरवताना कमिटीने हात काय करतायत हे बघितलं, आणि हात फोन आणि कीबोर्डवरच आहेत हे कबूल, पण सर्जनचे हात पण शेवटी कापतात आणि शिवतातच की.

कॅनडाने ह्या पातळ्यांच्या भानगडीवर वेगळा उपाय केला. त्यांच्या २०२१ च्या यादीने ‘कौशल्य पातळी’ हा शब्दच काढून टाकला आणि कामाला शिक्षण, प्रशिक्षण, अनुभव आणि जबाबदारी किती लागते ह्यावर शून्य ते पाच असे सहा वर्ग केले. आधीच्या पद्धतीत कुणाला तरी ‘लो स्किल्ड’ म्हणावं लागायचं, ते त्यांना नको होतं. छान. पण त्या यादीवर तिथली इमिग्रेशनची चाळणीही चालते. नोव्हेंबर २०२२ मध्ये इमिग्रेशनने नवी यादी वापरायला घेतली आणि एका दिवसात १६ व्यवसाय पात्र झाले, त्यात नर्सिंगचे मदतनीस, ट्रक आणि बस ड्रायव्हर, शिक्षकांचे मदतनीस, आणि तीन व्यवसाय अपात्र झाले, त्यातला एक शिंप्यांचा. कपडे शिवणाऱ्याच्या कामात त्या दिवशी काय बदललं? काहीच नाही. सुई तीच, कापड तेच. रेघ हलली. ड्रायव्हर आणि नर्सिंगच्या मदतनीसांसाठी मला आनंदच आहे, उशिरा का होईना न्याय झाला, पण स्टॅटिस्टिक्ससाठी बनवलेल्या पट्टीने माणसांचे व्हिसा मोजायला लागले की पट्टी बनवणाऱ्यांवर येणारं प्रेशर कसलं असेल ह्याची कल्पना करा. ते म्हणतात आम्ही फक्त वर्णन करतो, निर्णय दुसरं खातं घेतं. आणि दुसरं खातं म्हणतं आम्ही काय करणार, यादीतच तसं आहे.

आणि यादीच्या पार बाहेर कोण आहे? १८५१ च्या इंग्लंडच्या जनगणनेत बायका, आया, घर चालवणाऱ्या ह्यांच्यासाठी एक वर्ग होता, कामाच्या वर्गांमध्येच. १८८१ पर्यंत येता येता घरात राबणारी बाई ‘बिनकामाची’ ह्या रकान्यात गेली. हेही एक अपडेटच होतं, आणि त्या वेळच्या लोकांना ते जास्त शास्त्रीय वाटलं असणार. तेव्हापासून जवळपास सगळ्या याद्या पैशासाठी किंवा नफ्यासाठी केलेल्या कामाच्या आहेत, अमेरिकेची यादी तसं स्पष्ट लिहिते, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारे चालतात पण फक्त स्वयंसेवक करतात अशी कामं नाहीत. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठराव झाला की स्वतःच्या घरासाठी केलेलं कामही ‘काम’ आहे, मोजलं पाहिजे, फक्त त्याला ‘रोजगार’ म्हणायचं नाही. एक पाऊल पुढे, ठीक. पण इस्कोमध्ये ९६२४ असा एक कोड आहे, पाणी आणि सरपण गोळा करणारे. २००८ च्या आवृत्तीत ते आहेत हे चांगलंच आहे. आता हेच काम जगभरात सगळ्यात जास्त कोण करतं आणि कुणासाठी करतं ते आठवा. तेच डोकं, तोच हंडा, तीच वाट, पण दुसऱ्याच्या घरी विकायला नेलं तर ९६२४ आणि स्वतःच्या घरी नेलं तर रोजगाराच्या तक्त्यात नावच नाही. कोडिंग करताना अशा उत्तरांपुढे माझा हात थांबायचा आणि मग सूचना-पुस्तिकेत लिहिलंय तसंच करून पुढे जायचो, दुसरं काय करणार.

हल्ली हे कोडिंग मशीनकडे चाललंय. तुम्ही वाक्य टाकता, ते चार-पाच कोड सुचवतं, माणूस त्यातला एक निवडतो. मी विरोधात नाही, ते काम इतकं थकवणारं आहे की दुपारी तीननंतर माणूसही मशीनसारखाच करतो. पण मशीन शिकलेलं असतं आधीच्या माणसांनी दिलेल्या कोडवरून, म्हणजे त्यांनी ज्याला सवयीने ‘इतर’मध्ये टाकलं त्याला हेही आनंदाने तिथेच टाकणार, फक्त जास्त वेगाने आणि न कुरकुरता. माणूस निदान शेजारच्याला विचारायचा, अरे हे नेहमीनेहमी येतंय, ह्याला काही नाव आहे का? त्या विचारण्यातूनच पुढच्या यादीसाठी सूचना जायच्या. मशीन लावायचं असेल तर जे कोड त्याने कमी खात्रीने दिले त्यांची वाक्यं, मूळ शब्दांसकट, बाजूला काढून ठेवायची सोय आधी करा. आकडा टाकला की शब्द फेकून द्यायचे, ही जी पद्धत अजूनही दिसते ना, तिने सगळ्यात जास्त नुकसान केलंय. शब्दच नसतील तर पुढच्या कमिटीने वाचायचं काय?

एक गोष्ट मात्र अमेरिकन लोकांची मनापासून आवडते. २०१८ च्या यादीच्या वेळी आलेल्या सूचनांवर काय केलं आणि का, ह्याची उत्तरं त्यांनी क्रमांकासह सगळ्यांसमोर ठेवली. बरीचशी उत्तरं नकाराची आहेत, कोरडी, दोन ओळींची, अमुक तत्त्वानुसार मान्य करता येत नाही. मी ती कधीकधी नुसती वाचत बसतो. मान्य झालेल्या यादीपेक्षा ही नाकारलेल्यांची यादी जास्त बोलते, तिच्यात लोक आपलं काम स्वतःच्या शब्दांत समजावून सांगत असतात, आम्ही फक्त एवढंच नाही करत हो, हेही करतो, तेही करतो. त्यांच्या पुढच्या, २०२८ च्या आवृत्तीसाठी २०२४ मध्ये पुन्हा सूचना मागवल्या गेल्या, आयएलओतही इस्कोच्या पुढच्या सुधारणेवर काम चालू आहे. आपल्याकडे एनसीओ पुन्हा उघडेल तेव्हा मान्य झालेल्या व्यवसायांबरोबर नाकारलेल्या मागण्या आणि त्यांची कारणंही छापावीत, मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत, आणि सूचना पाठवायला ईमेलशिवाय दुसराही एखादा मार्ग ठेवावा, कारण ‘इतर’मधली जी तिसऱ्या प्रकारची माणसं मी वर म्हटली ती प्रेझेंटेशन बनवून पाठवणार नाहीत.